आयते ताट की आपली वाट?

दिवाळीचा फराळ डब्यांच्या तळाला गेला, चकल्यांचे तुकडे आणि चिवड्यातले शेंगदाणे तेवढे उरले, की मध्यमवर्गीय घरात एक जुने भांडण नव्याने सुरू होते. मुलांना सुटी असते, मोठ्यांची चार दिवस रजा शिल्लक असते आणि बोनसमधली थोडी रक्कम अजून कापडवाल्याच्या हाती लागलेली नसते. 'कुठे तरी जाऊन येऊ या' या ठरावावर घरात एकमत असते. कुठे जायचे, यावरही तासा-दोन तासांत तडजोड होते. खरे भांडण जुंपते ते कसे जायचे यावर.

एक पक्ष म्हणतो, एखाद्या यात्रा कंपनीकडे पैसे भरावेत, बॅग उचलावी आणि निघावे. गाडी तयार, खोली तयार, हिमालयाच्या पायथ्याशीसुद्धा पानात पिठले-भाकरी तयार! या मंडळींना मी 'ताटवाले' म्हणतो. दुसरा पक्ष म्हणतो, "छे! मेंढरे हाकलावीत तशी हाकलतात माणसांना. 'वीस मिनिटांत परत या' म्हणे! आपले आपण जाऊ, हवे तिथे थांबू, आणि निम्म्या पैशांत परत येऊ." हे 'वाटवाले'. दोघेही आपापल्या जागी बरोबर असतात. म्हणूनच हे भांडण कधी मिटत नाही.

तसे ते आजकालचेही नाही. इंग्लंडात टॉमस कुक नावाच्या गृहस्थाने ५ जुलै १८४१ रोजी लेस्टरहून लफबरोला सुमारे ५०० माणसे आगगाडीने नेली. तिकीट एक शिलिंग. जायचे कुठे, तर दारूबंदीच्या सभेला! आजच्या साऱ्या यात्रा कंपन्यांचा वंशवृक्ष त्या कोरड्या सहलीपर्यंत पोचतो. पण त्याच्या पाचच वर्षे आधी, १८३६ साली, लंडनच्या जॉन मरे या प्रकाशकाने युरोपात फिरणाऱ्यांसाठी मार्गदर्शक पुस्तक काढले होते, आणि जर्मनीत बेडेकर (आपल्या लोणच्यांशी यांचा संबंध नाही!) हेच काम करीत होता. हे पुस्तक हाती असले की वाटाड्यावाचून अडू नये, ही त्यांची उमेद. म्हणजे ताट आणि वाट ही एकाच पिढीतली भावंडे.

आपल्याकडे तर हा संसार त्याहून जुना. पंढरीची वारी पाहा. दिंडीत भिशी भरली की चालायचे तेवढे आपल्याकडे. मुक्काम, तंबू आणि पंगत यांची काळजी दिंडीवाले वाहतात. क्षेत्राच्या ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्यांच्या वह्या बाळगणारे क्षेत्रोपाध्ये हे वाटाडे, घरमालक आणि इतिहासकार असे तिन्ही एकदम होते. उलट वाटवाल्यांचे कुलदैवत म्हणून मी वरसईच्या विष्णुभट गोडशांकडे बोट दाखवीन. १८५७ साली हे भटजी दक्षिणेच्या आशेने चुलत्यांबरोबर उत्तर हिंदुस्थानात निघाले आणि ऐन बंडाच्या धामधुमीत सापडले. १९०७ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा 'माझा प्रवास' वाचताना मनात येते, कोणत्या कंपनीच्या पत्रकात हा कार्यक्रम बसला असता!

पण इतिहासाने पोट भरत नाही. आधी पोटोबा, म्हणून आधी पैशांचेच पाहू. या हिशेबात एक साधी गोष्ट आपण विसरतो. कंपनीचा दर असतो माणशी. मोटारीचे भाडे असते गाडीमागे. खोलीचे भाडे खोलीमागे. आणि ठिकाणावर भेटणाऱ्या वाटाड्याची फी असते सबंध टोळीमागे. हे ध्यानात घेतले की निम्मा वाद तिथेच सुटतो. समजा, कंपनीने तीन दिवसांचे माणशी १२,००० रुपये सांगितले. एकट्या माणसाला ते महाग नाहीत. कारण त्याने स्वतंत्र मोटार आणि स्वतंत्र खोली घेतली, तर तेवढेच किंवा जास्तच जातील. पण पाच जणांच्या कुटुंबाचे ६०,००० होतात. आणि मोटार काही पाच जण बसले म्हणून पाचपट भाडे मागत नाही. तसेच, वाटाड्याने समजा २,००० रुपये मागितले तर आपल्याला वाटते, अबब! पण पाच जणांत ते माणशी ४०० झाले. तेव्हा एकट्यादुकट्याला ताट स्वस्त आणि भरल्या घराला वाट स्वस्त, हा पहिला नियम.

एस.टी.ने जाणाऱ्यांसाठी तर हिशेब आणखी बदलला आहे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना एस.टी.चा प्रवास मोफत झाला आणि मार्च २०२३ पासून महिलांना अर्धे तिकीट लागू झाले. आजी, आई आणि दोन मुली अशा घराने वडिलांना बरोबर न्यावे की नाही, हाच काय तो प्रश्न! चार किंवा सात दिवसांचा 'आवडेल तेथे प्रवास' हा पासही आहेच. एकदा काढला की मुदत संपेपर्यंत उतरावे, चढावे, पुन्हा उतरावे.

आता एक प्रत्यक्ष सहलच घेऊ. पुष्कळ घरांतून निघते ती अजिंठा-वेरूळची. दोन्ही लेणी १९८३ साली जागतिक वारशाच्या यादीत गेली आणि छत्रपती संभाजीनगर हे त्यांच्या वाटेवरचे मुक्कामाचे गाव. वेरूळ तिथून सुमारे ३० किलोमीटर, वाटेत दौलताबाद, आणि अजिंठा उलट्या दिशेला सुमारे १०० किलोमीटर. घाईच्या ताटात एकाच दिवसाची वाढणी अशी असते: सकाळी दौलताबाद, दुपारी वेरूळ, उन्हे उतरताना बीबी का मकबरा आणि दिवेलागणीला पाणचक्की. सगळे पदार्थ पानात पडतात. चव मात्र कशाचीच लागत नाही.

वाटवाल्याने थोडी अक्कल चालवली तर याच सहलीत पैसे आणि वेळ दोन्ही वाचतात. मुंबई-नाशिककडून येणाऱ्याने आगगाडीने आधी जळगावला उतरावे. तिथून अजिंठा साधारण ६० किलोमीटर. लेणी पाहून तसेच पुढे संभाजीनगरला यावे आणि परतीची गाडी तिथून धरावी. म्हणजे एकाच रस्त्याच्या दोन खेपा टळतात. अजिंठा सोमवारी बंद असते आणि वेरूळ मंगळवारी, एवढे मात्र पाठ असावे. अजिंठ्याला फर्दापूर फाट्यावर आपले वाहन ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते. पंधरा वर्षांखालच्या मुलांना दोन्हीकडे प्रवेश फुकट आहे. ज्यांचे गुडघे कुरकुरतात त्यांच्यासाठी अजिंठ्याला डोलीवाले असतात. आणि सगळी गर्दी पहिल्या लेण्यात घुसते तेव्हा आपण सरळ दुसऱ्या टोकाला, सव्वीस नंबरकडे, चालू लागावे. तिथे भिंतीच्या कडेने बुद्धाची महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती पहुडलेली आहे. खाली शोक करणारे शिष्य आहेत. त्या अंधारात डोळे सरावायलाच पाच मिनिटे लागतात. घड्याळ दुसऱ्याच्या हातात असले की नेमकी तीच पाच मिनिटे मिळत नाहीत.

इथपर्यंत वाचून वाटवाले खूश झाले असतील. पण आता त्यांच्या वर्मावर बोट ठेवतो. आपण हिंडलो म्हणजे आपण पाहिले असे नव्हे.

दौलताबादला वाटाड्या नसला तरी चालेल, असे मला वाटते. भोवतालची तासलेली कडा, खंदक आणि तो काळोखी चढता भुयारी मार्ग हे चालता चालताच आपला अर्थ सांगतात. १३२७ साली महंमद तुघलकाने दिल्लीहून राजधानी इथे हलवली, ही गोष्ट मुलांना शाळेतच ठाऊक झालेली असते. इथे पाय हवेत आणि बॅटरी हवी. मकबऱ्याचेही तसेच. औरंगजेबाचा मुलगा आझमशहा याने आई दिलरसबानूसाठी ती वास्तू उभारली, हे फलक वाचून कळते. बाकीचे काम डोळ्यांचे.

पण वेरूळचे कैलास लेणे? आठव्या शतकातल्या राष्ट्रकूट राजाचे, पहिल्या कृष्णाचे, नाव त्याच्याशी जोडलेले आहे, एवढे बहुतेक पुस्तकांत असते. आपण आत शिरतो, 'केवढे मोठे देऊळ बांधले आहे!' म्हणतो आणि फोटो काढतो. आणि इथे तर काहीच बांधलेले नाही! दगडावर दगड ठेवलेला नाही. सबंध डोंगर वरून खाली तासत आणला आहे. आधी कळस, मग शिखर, मग खांब, आणि सर्वांत शेवटी जोत्याचे हत्ती. खालचा हत्ती कुठे उभा राहणार, हे वरचा पहिला घाव घालणाऱ्याच्या मनात असले पाहिजे. हे कोणी सांगितल्यावाचून पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. आणि एकदा आले की माणूस दोन मिनिटे गप्प होतो. त्याच वेरुळाच्या दहा नंबरच्या लेण्यात छताला दगडाच्याच तुळया कोरल्या आहेत, अगदी लाकडी घराला असतात तशा. म्हणून लोक त्याला 'सुताराचे लेणे' म्हणतात. न सांगता किती जण मान वर करतात?

अजिंठ्याचे तर विचारूच नका. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची चित्रे आहेत. ज्याला गोष्ट माहीत नाही त्याला तिथे देखणे स्त्री-पुरुष, महाल आणि झाडे दिसतात. ज्याला कोणी सांगितले, की हा राजपुत्र कोणालाही नाही म्हणू शकत नसे. त्याने हत्ती दिला, त्यापायी वनवास पत्करला, आणि शेवटी मागायला आलेल्या म्हाताऱ्या ब्राह्मणाला आपली दोन मुलेसुद्धा दिली, त्याला त्याच भिंतीवर वेगळेच चित्र दिसू लागते. शेजारी उभी असलेली आई आपल्या मुलाचा हात नकळत घट्ट धरते. तिकीट दोघांचे सारखेच असते. पण एकाने रंग पाहिले आणि दुसऱ्याने अजिंठा पाहिला.

माझा व्यवसाय मराठी शिकवण्याचा. महाविद्यालयात 'गाईड' हा शब्द काढला की आम्हा अध्यापकांच्या कपाळाला आठ्या पडतात. कारण परीक्षेच्या आदल्या रात्री मुले जे घोकतात ते गाईड. पण खरे सांगायचे तर आमचा धंदाही वाटाड्याचाच. ज्ञानेश्वरी काही माझ्यावाचून अडलेली नाही. मुलगा एकटा वाचू लागला तर त्याला ती वाचता येईल. पण एका ओवीपाशी हात धरून 'इथे थोडा थांब' म्हणणारे कोणी असले, तर पुढच्या शंभर ओव्या तो आपल्या आपण वाचतो. चांगल्या वाटाड्याची खूणही हीच. तो सगळे सांगत नाही. पाहायला शिकवतो आणि बाजूला होतो. पहिल्या लेण्यातील बुद्धमूर्तीवर तो उजेड एकदा डावीकडून टाकतो, एकदा उजवीकडून, एकदा समोरून. चेहऱ्यावरचा भाव दर वेळी पालटलेला दिसतो. मग तो बोलतच नाही.

असा माणूस निवडण्यासाठी फार यातायात लागत नाही. सरकारमान्य ओळखपत्र आहे ना, पाहावे. पैसे आणि वेळ आधी ठरवावी. आणि एक प्रश्न विचारावा: "सतराव्या लेण्यात कोणकोणत्या कथा दाखवाल?" उत्तर उत्साहाने आले तर माणूस आपला. 'इथे अमुक सिनेमाचे शूटिंग झाले' असे आले तर नमस्कार करून पुढे जावे.

म्हणजे गाडी आपली, मुक्काम आपला, वेळ आपली. आणि जिथे दगड मुका आहे तेवढ्याच ठिकाणी दोन तासांचा वाटाड्या. हा मधला मार्ग खिशालाही परवडतो. इथे लेख संपवला असता तर वाटवाल्यांनी मला चहा पाजला असता. पण हिशेबाचा एक रकाना अजून कोराच आहे.

आमच्या धाकट्या बहिणीचे यजमान हे कट्टर वाटवाले. दर सहलीची वही ठेवतात. कंपनीचा दर डाव्या पानावर, आपला खर्च उजव्या पानावर, आणि खाली लाल शाईत शिल्लक. मागच्या सहलीनंतर त्यांनी ती वही मोठ्या अभिमानाने आम्हाला दाखवली. बहीण शेजारी बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सगळे बरोबर आहे. पण त्या वहीत माझे पान कुठे आहे?"

आम्ही सगळे हसलो. ती हसली नाही. आणि मग तिने मोजूनच दाखवले. निघायच्या आदल्या रात्री एक वाजेपर्यंत दशम्या आणि तिखटमिठाच्या पुऱ्या. मुलांच्या औषधांचा डबा. सासूबाईंच्या उपासाचे वेगळे. खोली स्वस्त आणि स्वयंपाकाची सोय असलेली, म्हणून तीन दिवस दोन्ही वेळचा वरण-भात तिथेही तिच्याच हातचा. सगळे कैलास लेण्यात असताना धाकट्याला ऊन लागले, म्हणून ती बाहेर झाडाखाली. "तुमचे पैसे वाचले," ती म्हणाली, "ते माझ्या हातांनी वाचवले. चूल बदलली एवढेच. दमट होती, धड पेटत नव्हती." यजमानांनी वही मिटली. त्यांच्याजवळ उत्तर नव्हते आणि, त्यांच्या बाजूने सांगायचे तर, त्यांनी ते शोधण्याचा प्रयत्नही केला नाही.

याच्या उलट आमची आक्का. माझ्याहून पंधरा वर्षांनी मोठी. यजमान गेल्यावर दोन वर्षे ती घराबाहेर पडली नव्हती. मुले गुणी आहेत. "आई, आम्ही नेतो ना तुला," असे दोघेही म्हणत होते. पण तिने गुपचूप एका यात्रा कंपनीत पैसे भरले आणि चाळीस अनोळखी माणसांबरोबर अजिंठा-वेरूळ करून आली. मला जरा नवलच वाटले. विचारले, "आक्का, मुले नेत होती की! आणि कंपनीवाले धावतपळत दाखवतात. काही पाहायला तरी मिळाले का?"

"थोडे राहिले पाहायचे," ती म्हणाली. "पण अरे, मुलांबरोबर गेले असते तर नातवंडे सांभाळायला गेले असते. कंपनीबरोबर गेले म्हणून अजिंठा बघायला गेले." मग थोडे थांबून, जराशी लाजून म्हणाली, "सकाळी दारावर टकटक झाली. उघडते तो चहा. चाळीस वर्षांत माझ्या आधी उठून माझ्यासाठी चहा कोणी केला नव्हता रे."

त्या चहाची किंमत कंपनीच्या पत्रकात नव्हती. पण आक्काने भरलेल्या पैशांत मला तो सर्वांत स्वस्त सौदा वाटतो.

म्हणून मला वाटते, सहलीचा खर्च एका नाण्यात होत नाही, तीन नाण्यांत होतो: पैसा, वेळ आणि कष्ट. ताटात पैसा आणि पाहण्याचा वेळ जातो, कष्ट वाचतात. वाटेत पैसा आणि वेळ वाचतो, कष्ट जातात. आणि पैसा सगळ्या घराचा जातो, तरी कष्ट बहुधा एकाच माणसाचे जातात. 'कोणते स्वस्त' हा प्रश्न त्यामुळे अपुरा. 'कोणाच्या जिवावर स्वस्त' हे विचारायला हवे.

एकटे असाल, वय झाले असेल, भाषा परकी असेल, रस्ता अवघड डोंगरातला असेल, किंवा घरातल्या कोणाला खरोखरीची विश्रांती हवी असेल, तर खुशाल ताट घ्यावे, आणि त्याबद्दल कोणाचे टोमणे ऐकू नयेत. मात्र पैसे भरण्यापूर्वी जेवणाच्या यादीइतकाच बारकाईने एक प्रश्न विचारावा: "प्रत्येक ठिकाणी थांबणार किती वेळ?" प्रवेशाचे पैसे आणि वाटाड्याची फी दरात धरली आहे का, हेही लेखी घ्यावे. आणि चार-पाच जणांचे घर असेल, मुलूख आपला असेल, भाषा आपली असेल, तर वाट धरावी. पण कष्ट वाटून घ्यावेत. आरक्षण वडिलांचे, वेळापत्रक आणि मोबाईलवरचा नकाशा कॉलेजातल्या मुलाचा, हिशेब मुलीचा, ज्याची पिशवी त्याच्या खांद्यावर. सहलीत चूल पेटवायची नाही, हा कायदा. कंपनीपेक्षा जे पैसे वाचतील त्यातून आधी वाटाड्याची फी काढावी आणि मग जेवणाची थाळी. उरलेले पाहिजे तर बँकेत टाकावेत.

यंदा बेत आखाल तेव्हा एक कोरा कागद घ्या. त्यावर तीन रकाने पाडा आणि प्रत्येक रकान्यात, कोण काय देणार, त्याचे नाव लिहा. तिसऱ्या रकान्यात एकच नाव पुन्हा पुन्हा येऊ लागले, तर कागद बाजूला ठेवा आणि ते नाव ज्यांचे आहे त्यांनाच विचारा: ताट की वाट? घाई करू नका. त्यांना हा प्रश्न कोणी विचारण्याची सवय नसेल, उत्तर यायला थोडा वेळ लागेल.